शेजाराची स्कीम

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रात बातमीच्या आधी घरांची जाहिरात अंगावर येते. पोहण्याचा तलाव, फिरायची वाट, मुलांचे खेळघर, फाटकावर पहारेकरी. आणि खाली ठळक अक्षरांत ‘आखीव, स्वयंपूर्ण वसाहत’. आमच्या विलेपार्ल्यात जुनी तीनमजली घरे पाडून त्या जागी ज्या इमारती उठत आहेत, त्याही हल्ली याच भाषेत बोलू लागल्या आहेत. दोन आंब्यांची आणि एका विहिरीची जागा, पण तिला ‘नगर’ म्हणवून घ्यायची हौस! या ‘स्वयंपूर्ण’ शब्दाशी माझे भांडण आहे. सणाच्या अंकात भांडण कशाला, असे वाचक म्हणतील. पण फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी न्यायची आपली रीत आहे, आणि स्वयंपूर्ण माणसाला शेजारी लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. माझा आखणीला विरोध नाही. ‘आमचे पार्ले कसे आपोआप वाढले’ असे डोळे मिटून सांगणाऱ्या पार्लेकरांनी एकदा घराची कागदपत्रे काढून पाहावीत. त्यांत ‘टी. पी. एस.’ आणि ‘फायनल प्लॉट नंबर’ हे शब्द सापडतील. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याची रीत अशी, की वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र धरायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेल्या जमिनीचे नीट भूखंड पाडून मूळ मालकांना परत द्यायचे, आणि सुधारणेचा खर्चही काही अंशी त्यांच्याकडूनच घ्यायचा. पार्ल्याचा मोठा भाग या रीतीने आखला गेला. ‘परांजपे बी स्कीम’, ‘जुहू-पार्ले स्कीम’ असे पत्ते आपण आजही लिहितो. म्हणजे ‘स्कीम’ हा शब्द आमच्या पत्त्यातच आहे. पार्ले रानफुलासारखे उगवले नाही. ते दोरी लावून आखलेले आहे.

पण दोरीने काय आखता येते? रस्ता, गटार, कुंपण. पार्ले टिळक विद्यालय 1921 साली निघाले, लोकमान्यांना जाऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा. 1923 साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. ही कामे सरकारी आराखड्याने केली नाहीत. इथल्या नागरिकांनी एकत्र येऊन केली. ही माणसे एकमेकांना भेटत कुठे होती? रस्त्यावर, ओट्यावर, आवाराच्या उघड्या फाटकात. आखणीने त्यांना जागा दिली आणि मग ती बाजूला झाली. चांगल्या आखणीचे हेच लक्षण मी मानते.

आखीव वसाहतीची कल्पना तरी कोणाची? इंग्लंडात एबनेझर हॉवर्ड नावाच्या एका लघुलेखकाने 1898 साली उद्यान-नगराची योजना पुस्तकरूपाने मांडली, आणि 1903 साली लेचवर्थ येथे तिचा प्रयोग सुरू झाला. त्याच 1898 साली प्लेगाने हादरलेल्या मुंबईत सुधारणा न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याच्याच आखणीतून आल्या. हॉवर्डच्या योजनेत झाडे आणि बागा होत्या, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिचे मर्म मात्र दुसरेच होते. नगराची जमीन विश्वस्तांच्या हाती राहावी, आणि वस्ती वाढून जमिनीची किंमत चढली की तो लाभ साऱ्या वस्तीच्या कामी यावा, असे त्याचे म्हणणे होते. आजच्या जाहिरातवाल्यांनी त्याची बाग तेवढी उचलली आणि विश्वस्त टाकून दिला. फुलझाडांचे चित्र गिऱ्हाइकाला. वाढलेल्या किमतीचा लाभ बांधणाऱ्याला.

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभांना मी बसले आहे. 2019 च्या शासन निर्णयाने निम्म्याहून अधिक सभासदांची संमती पुरेशी झाली, त्यामुळे सभा झटपट होतात. चटई क्षेत्र किती वाढणार, कॉर्पस किती, भाडे किती महिन्यांचे, गाड्या किती, यांवर घसा बसेपर्यंत चर्चा झाली. नकाशात बाग तिसऱ्या मजल्यावर, गाड्यांच्या माथ्यावर. जमिनीवर काय? गाड्या. प्राजक्त कुठे जाणार, असे मी विचारले तेव्हा लोक हसले. बांधणाऱ्याचा माणूस म्हणाला, “काकू, कुंडीत लावून देऊ.” 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात बजावले होते, की ठरलेली किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवर नव्हे. हे मी सांगितले तेव्हा मात्र कोणी हसले नाही. विषय बदलला.

आता समोरच्यांचे म्हणणे ऐकू. जुनी घरे गळतात, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या आजीबाई दुसऱ्या मजल्यावर महिनोन् महिने अडकून पडतात. खरे आहे. घरे पुन्हा बांधलीच पाहिजेत. गळक्या छपराचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. दुसरे म्हणणे असे, की फाटक बंद हवे, कारण काळ वाईट आहे. पण पहारेकरी चोराला अडवतो त्याहून अधिक वेळा शेजारच्या पोराला अडवतो. ज्या रस्त्यावर चार ओळखीचे डोळे असतात, तो रस्ता फाटकाहून सुरक्षित असतो.

तिसरे म्हणणे सर्वांत धारदार, आणि ते मी टाळणार नाही. जुने पार्ले तरी सर्वांचे होते काय? नव्हते. मुंबईच्या सहकारी गृहसंस्था मुळात जातीजातींच्या पायावर उभ्या राहिल्या. 1915 ची गावदेवीची सारस्वत संस्था हे त्यांतले आद्य उदाहरण. आज ‘तुम्ही मासे खाता, तुम्हाला घर नाही’ असे ऐकून आपला मराठी माणूस संतापतो, आणि योग्यच संतापतो. पण त्याने हेही आठवावे, की ‘तुम्ही आमच्यातले नाही’ हे वाक्य आपल्या वडीलधाऱ्यांनीही उच्चारले होते. फाटक तेच आहे. आपण आता त्याच्या बाहेरच्या बाजूला उभे आहोत, एवढाच फरक. त्यावर उपाय म्हणून आपले वेगळे फाटक बांधणे मला मान्य नाही.

आखीव वसाहतीत लाभ वाटून घेता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली आणि ती विकून मोकळे होण्याऐवजी स्वतःच भागीदार झाले. तिथले सारे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण शेतकऱ्यांना जे सुचले, ते पदवीधरांनी भरलेल्या आमच्या सोसायट्यांना सुचू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बाग जमिनीवर ठेवा, आणि संध्याकाळी दोन तास ती गल्लीतल्या मुलांना उघडी करा. तळमजल्यावर एक खोली अशी ठेवा, की जिथे वाचनालय चालेल, भजन होईल, शेजारच्या इमारतीतले लोकही येतील. वाढीव जागेतून जो पैसा मिळतो, त्यातला शंभरातला एक रुपया शाळेला किंवा ग्रंथालयाला द्या. आणि महिन्याचा मेंटेनन्स असा ठरवा, की पेन्शनवर जगणाऱ्या जुन्या सभासदाला नवे घर विकून वसई गाठावी लागू नये. हे सारे करारनाम्यात लिहून घेता येते. फक्त मागावे लागते.

येत्या वर्षात पार्ल्यातच नव्हे, डोंबिवलीत, मुलुंडात, ठाण्यातही अनेक वाचकांपुढे असा नकाशा पसरला जाईल. आपली खोली किती फुटांनी वाढते ते जरूर पाहा; तो तुमचा हक्क आहे. पण हात वर करण्यापूर्वी शेजारच्या घरी जायची वाट त्या नकाशात कुठून जाते, ते बोट ठेवून विचारा. दाखवता आली नाही, तर हात खालीच ठेवा.