त्वचेचे कवच आणि आपले कर्तव्य

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडणीचा हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. पाथर्डी, शेवगावकडील तोडणी कामगारांचे हात उसाच्या धारदार पानांनी चिरतात आणि कोरड्या वाऱ्याने रुक्ष होतात. खाज सुटली की बहुतेक रुग्ण प्रथम औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. तेथे चिठ्ठीविना स्टेरॉइडचे मलम हाती पडले, तर दोन दिवस आराम वाटतो. परंतु महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते व मलम थांबवताच लाली आणि दाह उसळतो. 2018 साली केंद्र शासनाने अशी 14 स्टेरॉइड ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, ती याच कारणाने. औषधविक्रेत्यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

वैद्यबंधूंनीही प्रत्येक लेप सौम्यच असतो असे मानू नये. सुश्रुतांनी लेप अंगावर वाळू देऊ नये असे बजावले आहे. वाळलेला लेप त्वचेतील स्निग्धता ओढून घेतो. कवच विस्कटलेल्या त्वचेवर बेसन, लिंबू व तीव्र साबण वर्ज्य समजावेत. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, अंग ओलसर असतानाच खोबरेल वा शतधौत घृत, आणि काही आठवड्यांचा धीर, एवढेच प्रथम पुरे. दीर्घकाळ स्टेरॉइड वापरलेला रुग्ण मात्र त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच हाताळावा.

झटपट गुणाचे श्रेय सोडावे लागले तरी चालेल. रुग्णाची त्वचा राखणे हेच आपले कर्तव्य होय.