सल्स्टन यांचा हट्ट

जॉन सल्स्टन यांना २००२ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते एका सूत्रकृमीवरील संशोधनासाठी. 'सी. एलेगन्स' हा जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्याच्या शरीरातली प्रत्येक पेशी कोणत्या पेशीपासून जन्मली, याची वंशावळ त्यांनी केंब्रिजमध्ये मांडली. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून जिवंत गर्भातल्या पेशी दुभंगताना पाहायच्या आणि त्यांची चित्रे हाताने काढायची, असे ते चिवट काम होते. वाढीच्या ओघात १,०९० कायिक पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ ठरल्या वेळी मरतात आणि प्रौढ कृमीत ९५९ उरतात, हा हिशेब त्यातून हाती आला. नोबेलच्या तोलाचेच हे काम. पण सल्स्टन यांचे याहून मोठे देणे एका धोरणात आहे. मानवी जनुकसंचाचा तीन अब्ज अक्षरांचा क्रम आज जगात कोणालाही पैसे न मोजता, परवानगी न मागता वाचता येतो. हे आपोआप घडलेले नाही. एका संशोधन संस्थेच्या प्रमुखाने इतरांना सोबत घेऊन ते हट्टाने घडवले. तो हट्ट नैतिक होताच, पण विज्ञानाच्या प्रगतीसाठीही तोच मार्ग शहाणपणाचा होता, असे आमचे ठाम मत आहे.

या हट्टाचे मूळ सूत्रकृमीच्या अभ्यासातच सापडते. त्या क्षेत्रातले संशोधक शोधनिबंध छापून येण्याआधीच आपले निष्कर्ष एका साध्या वार्तापत्रातून एकमेकांना कळवत. सल्स्टन आणि अॅलन कोल्सन यांनी कृमीच्या जनुकसंचाचा नकाशा तयार केला, तोही असाच वाटला. १९९२ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूकदाराने सल्स्टन आणि त्यांचे सेंट लुईसचे सहकारी बॉब वॉटरस्टन यांना खासगी कंपनीत ओढण्याचा प्रयत्न केला. दोघांनी नकार दिला. वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशातून केंब्रिजजवळ हिंक्सटन येथे सँगर सेंटर उभे राहिले आणि सल्स्टन त्याचे पहिले संचालक झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या मानवी जनुकसंच प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी ठरवले की, हजार अक्षरांहून लांब जुळलेला क्रम २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा. विज्ञानात आधी श्रेय आणि मग प्रसिद्धी, अशी रीत. सल्स्टन आणि वॉटरस्टन यांनी ती उलटवण्याचा आग्रह धरला आणि स्पर्धक प्रयोगशाळांच्या गळी उतरवला. नेतृत्व म्हणतात ते हेच.

यावर पहिला आक्षेप अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या नावाने घेतला जातो. १९९८ मध्ये त्यांची सेलेरा कंपनी मैदानात उतरली नसती, तर हा सरकारी प्रकल्प रेंगाळला असता, असे म्हणतात. यात तथ्य आहे. व्हेंटर यांची पद्धत वेगवान होती आणि १९९५ मध्ये एका जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून त्यांनी ती सिद्धही केली होती. सेलेराच्या घोषणेनंतर वेलकम ट्रस्टने निधी वाढवला, सँगर सेंटरने मानवी जनुकसंचाचा तिसरा हिस्सा अंगावर घेतला आणि जून २००० मध्ये कच्चा आराखडा जाहीर झाला. स्पर्धेने वेग दिला, हे मान्यच करायला हवे. पण सेलेराने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमासाठी सार्वजनिक प्रकल्पाची खुली माहितीही वापरली होती, आणि स्वतःचा क्रम मात्र अटींच्या कुंपणात ठेवला होता. सल्स्टन यांनी हात टेकले असते, तर ते कुंपण हाच एकमेव रस्ता ठरला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मालकी हक्क नसेल तर पैसा कोण गुंतवणार? औषधांच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. पण निसर्गातला जनुकक्रम म्हणजे औषध नव्हे, तो सर्व औषधांच्या आधीचा कच्चा माल आहे. अर्थशास्त्रज्ञ हायडी विल्यम्स यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, सेलेराने काही काळ हक्काखाली ठेवलेल्या जनुकांवर नंतरचे संशोधन आणि उत्पादनविकास २० ते ३० टक्क्यांनी कमी झाला. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित जनुकांचा अनुभवही तोच. मिरियड कंपनीच्या पेटंटांमुळे अमेरिकेत चाचणीसाठी रुग्ण स्त्रियांना जवळपास एकाच दाराशी जावे लागे. जून २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवर पेटंट नाकारले आणि इतर प्रयोगशाळांनी लगोलग चाचण्या जाहीर केल्या.

मानवी जनुकसंच प्रकल्पात सहा देश होते, भारत त्यात नव्हता. तरीही पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्याला तो क्रम पहिल्या दिवसापासून बॉस्टनच्या विद्यार्थ्याइतकाच उपलब्ध होता. आता आपल्याकडे 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले आहेत आणि जानेवारी २०२५ पासून ती माहिती फरिदाबादच्या केंद्रामार्फत संशोधकांना दिली जाते. इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो बरोबर आहे: एका व्यक्तीचा जनुकसंच उघड्यावर टाकता येत नाही. जाती-जमातींची ओळख जिथे इतकी घट्ट आहे, तिथे तर मुळीच नाही. सल्स्टन यांनाही याचे भान होते. ब्रिटनच्या मानवी जनुकशास्त्र आयोगात त्यांनी काम केले ते याच प्रश्नांवर. मात्र खासगीपणा जपण्याचे कारण पुढे करून माहिती ठरावीक संस्थांच्या कपाटात अडकू नये. व्यक्तीची ओळख न उघडणारी एकत्रित माहिती विनाअर्ज खुली असावी. उरलेल्या माहितीसाठी आलेल्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा, नकाराची कारणे लेखी मिळावीत आणि नांदेड वा रत्नागिरीच्या महाविद्यालयातल्या संशोधकाला दिल्लीच्या संस्थेइतकाच हक्क असावा. जैवतंत्रज्ञान विभागाने हे नियम तातडीने जाहीर करावेत. ज्यांनी रक्ताचे नमुने दिले, त्या दहा हजार नागरिकांना ही मागणी करण्याचा पहिला अधिकार आहे.