मॅगझिन म्हणजे कोठार

'या महिन्याचे मॅगझिन आले का?' हा प्रश्न आपल्या घरांत नेहमीचा. शब्द इंग्रजी आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इंग्रजीत तो पाहुणा म्हणून आला. त्याचे माहेर अरबी भाषेत आहे.

अरबीत ख-ज-न या धातूचा अर्थ साठवणे, जपून ठेवणे. त्यावरून 'मखजन' म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून हा शब्द इटालियनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला. तेव्हा मॅगझिन म्हणजे माल ठेवण्याची वखार, एवढाच अर्थ होता. स्पॅनिश लोकांनी तर अरबी 'अल'सुद्धा सोडला नाही. त्यांची वखार आजही 'अल्मासेन' आहे. फ्रान्स आणि रशियात हाच शब्द दुकानासाठी वापरतात. मोरोक्कोत 'मखजन' म्हणजे चक्क राज्यसत्ता! ज्याच्या हाती कोठार, त्याच्या हाती कारभार.

इंग्रजीत या वखारीत हळूहळू दारूगोळा शिरला. 11 मे 1857 रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले, तेव्हा इंग्रजांनी स्वतःच उडवून दिले ते दारूगोळ्याचे मॅगझिनच होते. काश्मिरी दरवाजाजवळ त्याचे अवशेष आजही उभे आहेत. बंदुकीत गोळ्या भरून ठेवण्याच्या पेटीलाही मॅगझिनच म्हणतात.

मग या कोठारात वाचनाचे साहित्य कसे आले? 1731 मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्ह यांनी 'जंटलमन्स मॅगझिन' नावाचे मासिक काढले. वर्तमानपत्रांतील निवडक मजकूर, बातम्या, कविता असे सारे एका ठिकाणी साठवायचे, म्हणून हे नाव. ते इतके रुळले, की 1755 च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी हा नवा अर्थ या मासिकाच्या उल्लेखासह नोंदवला. पुढे 1901 मध्ये लाहोरहून शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले, त्याचे नाव 'मखजन'. इकबाल यांची 'हिमाला' ही कविता त्यातच छापून आली. जग फिरून आलेला शब्द पुन्हा आपल्या मूळ रूपात वाचकांपुढे उभा राहिला.

आपल्या मराठीत हाच धातू फारसीच्या वाटेने आला. 'खजिना' त्यातलाच. मशीद कमिटीचा असो, पतसंस्थेचा असो की गणेश मंडळाचा, 'खजिनदार' हा मॅगझिनचा नातेवाईकच!

या शब्दाच्या प्रवासात एक गोष्ट ध्यानात येते. कोठारात काय भरायचे, हे शब्दाने कधीच ठरवले नाही. धान्य, कापड, बारूद, गोळ्या, कविता, ज्याने जे भरले ते त्यात राहिले. आज घराघरांतल्या मोबाइलमध्येही दिवसभर काही ना काही साठत असते. त्यात ज्ञान किती आणि एका ठिणगीने पेट घेईल असे किती, हे पाहणे आपल्याकडे आहे.

सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) मिसरच्या बादशहाकडे देशाची कोठारे सोपवण्याची मागणी करतात, तिथे 'खजाइन' हा याच धातूचा शब्द आला आहे. त्या कामासाठी ते आपले दोन गुण सांगतात: जपणूक आणि जाण. घरातले कोठार सांभाळणाऱ्यालाही हेच दोन गुण लागतात. आलेला प्रत्येक संदेश पुढे ढकलण्याआधी तो पारखून घ्यावा. आणि जुना अंक रद्दीत देण्यापूर्वी त्यातला एक तरी लेख मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा. कोठार भरले, पण त्यातले कोणाच्या मुखी लागले नाही, तर ते भरून उपयोग काय?