तिकीट कुणाच्या हाती?

गामा आणि झिबिस्को यांची 10 सप्टेंबर 1910ची लंडनची कुस्ती आपल्याकडे तालमीत नव्याने आलेल्या पोरालाही पाठ असते. गामाने झिबिस्कोला खाली घेतलं, तो पोलंडचा गडी मग अडीच तास पोटावर पडून राहिला, पुढच्या शनिवारी फेरकुस्तीला आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाकडे आला. ही गोष्ट आपण नेहमी गामाच्या बाजूने सांगतो. एकदा ती तिकीट विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. पैसे मोजून आलेल्या माणसांनी दुपारभर पाहिलं काय, तर एका पैलवानाची पाठ.

या अडचणीवर युरोपातल्या ठेकेदारांनी काढलेली वाट म्हणजे तिथली व्यावसायिक कुस्ती. निकाल आधी ठरवायचा, डाव रंगवून दाखवायचे. लंडनच्या नाट्यगृहांना ही खोड गामा येण्याआधीच लागली होती, पुढे ती सगळीकडे पसरली. आपण तिला नुराकुस्ती म्हणतो आणि तोंड फिरवतो. मल्लांनी खुशाल फिरवावं. मैदान भरवणाऱ्यांनी मात्र फिरवू नये असं आम्हाला वाटतं. कारण शंभर वर्षांहून जास्त काळ युरोपातली ही ठेकेदार मंडळी तिकिटावर जगली आहेत, बुडाली आहेत, पुन्हा उभी राहिली आहेत. आणि कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची कल्पना शाहू महाराजांना रोमचं जुनं क्रीडागृह पाहून सुचली असेल, तर युरोपकडून चार गोष्टी घ्यायला आपल्याला कमीपणा कसला?

बुडण्याचा सगळ्यात मोठा दाखला ब्रिटनचा. तिथे 1930च्या दशकात रिंगणात इतका धिंगाणा चालायचा की लंडनच्या कौन्सिलने बंदीच घातली. मग 1947मध्ये लॉर्ड माउंटएव्हन्स यांच्या समितीने नियम बांधून दिले: ठरावीक वेळाच्या फेऱ्या, वजनी गट, आणि दोनदा पाठ लावली किंवा दोनदा शरण आणलं की जिंकला. 1952मध्ये वेगवेगळ्या भागांतल्या ठेकेदारांनी ‘जॉइंट प्रमोशन्स’ नावाची जूट केली. मुलूख वाटून घेतले, मल्ल एकमेकांकडे फिरवले आणि बाहेरच्या ठेकेदाराला जागा उरू दिली नाही. 1955 साली आयटीव्हीवर कुस्ती दिसू लागली. शनिवारी दुपारी चारला, फुटबॉलचे निकाल सांगायच्या आधी, घराघरांत आजीबाईसुद्धा पडद्यावरच्या खलमल्लाला शिव्या घालायच्या. टीव्हीवर दिसलेला मल्ल गावच्या हॉलमध्ये पाहायला मिळणार म्हटलं की तिकिटं आपोआप खपायची.

इथेच गणित फिरलं. 1970च्या दशकात जॉइंटची सूत्रं मॅक्स क्रॅबट्रीकडे आली आणि त्याने आपला भाऊ शर्ली याला ‘बिग डॅडी’ म्हणून पुढे केलं. अवाढव्य देह, चमचमता पोशाख, पोरांचा लाडका. कुस्ती मात्र त्याला फार वेळ झेपत नसे. म्हणून जोडीला एखादा चपळ तरुण द्यायचा, त्याने दहा मिनिटं घाम गाळायचा, मार खायचा आणि शेवटी डॅडीने येऊन समोरच्यावर पोट आदळायचं. 1981मध्ये वेम्बली अरेनात बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स यांची गाजलेली लढत तीन मिनिटांच्या आत संपली. गर्दी तुफान होती, पण घाम गाळणारे तरुण काय समजायचं ते समजले. डायनामाइट किडसारखा अस्सल कसबी गडी तर त्याआधीच कॅनडाच्या वाटेला लागला होता, तसे आणखीही गेले. डिसेंबर 1988मध्ये आयटीव्हीने कुस्ती बंद केली तेव्हा मॅक्सच्या हाती म्हातारा होत चाललेला एकच चेहरा उरला होता. 1993च्या अखेरीस डॅडी निवृत्त झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दुकानही मिटलं.

या सगळ्या काळात लिव्हरपूलजवळचा ब्रायन डिक्सन हा जॉइंटच्या बाहेरचा ठेकेदार ‘ऑल स्टार’ नावाने गावोगाव प्रयोग लावत होता. कुस्ती टीव्हीवर होती त्यातली शेवटची दोन वर्षं त्यालाही टीव्हीचा वाटा मिळाला, पण टीव्ही गेल्यावर तो कोलमडला नाही. नगरपालिकांचे हॉल आणि समुद्रकाठची सुट्टीची शिबिरं, म्हणजे बटलिन्ससारख्या ठिकाणी बायकामुलांसह आठवडाभर राहायला आलेली कुटुंबं, हे त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. अशा प्रयोगाचं अंग जवळून पाहण्यासारखं असतं. दुपारी एक व्हॅन हॉलच्या मागच्या दाराशी लागते. चार लोखंडी खांब, आडव्या तुळया, प्लायवूडचे तक्ते, वर फोमचा पातळ थर आणि ताणून बांधलेलं कॅनव्हास. हे सगळं उतरवणारी पोरं शिकाऊ मल्लच असतात. रात्री त्यांतलाच एखादा पहिल्या लढतीत उतरतो आणि प्रयोग संपला की तोच तक्ते पुन्हा गाडीत भरतो. निकाल ठरलेला असला तरी त्या तक्त्यावर पाठ आपटते ती खरीच.

जर्मनी-ऑस्ट्रियाची तऱ्हा वेगळी, आणि आम्हाला ती जास्त भावते. तिथल्या ‘कॅच’ स्पर्धा एका रात्रीच्या नसत. तोच ताफा एकाच शहरात कित्येक आठवडे मुक्काम ठोकायचा. व्हिएन्नात हॉयमार्क्टवर हिवाळ्यात बर्फावर घसरायचं मैदान असे, उन्हाळ्यात तिथेच रिंगण पडे. ग्रात्झ, हॅनोव्हर, ब्रेमेन ही अशीच मुक्कामाची गावं. आधी सगळ्या मल्लांचं संचलन, मग लढती, आणि प्रेक्षक ठरलेले. कालच्या भांडणाचं पुढे काय झालं हे पाहायला माणसं रोज यायची. ऑस्ट्रियाच्या ओटो वान्झने त्यावर मोठी संस्था चालवली. 1982मध्ये त्याने अमेरिकेत निक बॉकविंकलकडून एडब्ल्यूए या तिथल्या संस्थेचा किताबही घेतला. तो जेमतेम सहा आठवडे टिकला, पण तेवढ्यावर घरच्या तिकीटबारीला बहर आला. हा जमाना सरता सरता, 2000 साली, जर्मनीच्या एसेनकडे ‘डब्ल्यूएक्सडब्ल्यू’ उभी राहिली. तिचं बळ दोन गोष्टींत आहे: स्वतःची शाळा आणि 2006पासून चालत आलेली ‘सिक्स्टीन कॅरट गोल्ड’ स्पर्धा. सोळा मल्ल, तीन दिवस, ओबरहाउझेनचा टुर्बिनेनहाले. वर्षातले ते तीन दिवस लोक आधीच राखून ठेवतात, मग कोण खेळणार ते विचारतात. आज जगभर ‘गुंथर’ म्हणून ओळखला जाणारा व्हिएन्नाचा वाल्टर याच संस्थेत घडला आणि तिच्या शाळेत शिकवायचाही.

मग अमेरिकेचा हत्ती, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई, आला. 2016मध्ये ग्लासगोच्या ‘आयसीडब्ल्यू’ने हायड्रो अरेनात सहा हजारांवर प्रेक्षक जमवले होते, लंडनच्या ‘प्रोग्रेस’ची तिकिटं हातोहात संपत होती. डब्ल्यूडब्ल्यूईच्या नजरेतून हे सुटणार थोडंच. 2018मध्ये त्यांनी ‘एनएक्सटी यूके’ काढली, चांगले मल्ल पगारावर बांधले. आधी स्थानिक प्रयोगांत खेळायला मुभा होती, पुढे ती आवळत गेली. ऑगस्ट 2022मध्ये हा कारभार गुंडाळला, पुष्कळांचे करार संपवले आणि पुढच्या वर्षी सबंध युरोपसाठी नवा ब्रँड आणू म्हणून सांगितलं. ते वर्ष सरलं, ब्रँड आला नाही. ज्या छोट्या संस्थांचे मोहरे उचलले गेले त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पोरं घडवायला घेतली.

इथवरचं वाचून आमचे यात्रा कमिटीवाले मित्र मनातल्या मनात हिशेब मांडत असतील. आपल्या मैदानाला बहुधा तिकीट नसतं. वर्गणी असते, आणि आता वर्गणीपेक्षा एका पुढाऱ्याचा वाढदिवस असतो. पत्रकावर इनामाचा आकडा ठळक आणि पुढाऱ्याचा फोटो त्याहून ठळक. एक नंबरच्या जोडीत बाहेरचा नावाजलेला मल्ल आणि खालच्या जोड्या रात्री आठला घाईघाईत उरकायच्या. पुढारी पक्ष बदलतो, निवडणूक हरतो किंवा नुसता रुसतो, आणि पुढच्या वर्षी मैदान होत नाही. जॉइंटचं टीव्हीवर जे झालं ते आपलं देणगीवर होतंय. निदान पुढच्या बैठकीची चार बाकं तिकिटावर ठेवून पाहायला काय हरकत आहे? पन्नास रुपये देऊन बसलेला माणूस मधेच उठून जात नाही, आणि कुस्ती बरोबरीत सोडवली तर जाबही विचारतो.

युरोपातल्या संस्था जिथे सपशेल नापास झाल्या तेही पाहायला हवं. ऑगस्ट 1987मध्ये ग्रेट यार्मथला बिग डॅडीशी लढताना माल्कम कर्क हा मल्ल रिंगणात कोसळला आणि गेला. त्याला आधीपासून हृदयविकार होता. त्याला त्या अवस्थेत रिंगणात उतरू कुणी दिलं, हे विचारणारी यंत्रणाच नव्हती. जून 2020मध्ये ब्रिटनमधल्या कित्येक मल्लांनी, त्यांत मुली बऱ्याच, प्रशिक्षकांकडून आणि सहकाऱ्यांकडून झालेला छळ उघड सांगायला सुरुवात केली. काही संस्था त्यात बंद पडल्या. पुढच्या एप्रिलमध्ये तिथल्या खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने अहवाल दिला. त्यात कुस्तीच्या शाळांना खेळ समजावं आणि प्रयोगांना रंगमंच, अशी सूचना आहे. कारण इतकी वर्षं नाट्यवाले म्हणत हा खेळ, खेळवाले म्हणत हे नाटक, आणि या दोघांच्या मधल्या फटीत पोरांची जबाबदारी कुणावरच येत नव्हती.

आपली कुस्ती खेळ आहे यात कुणाला शंका नाही, तरी ही फट आपल्याकडेही आहे. गावच्या मैदानात मान अवघडलेल्या पोराला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायचं, आणि पुढचा खर्च? वस्ताद म्हणतो कमिटी, कमिटी म्हणते पोराचं घर. येत्या हंगामात ज्या कमिट्या पत्रकावर इनामाच्या आकड्यासोबत डॉक्टरची सोय आणि मल्लांच्या विम्याची रक्कम छापतील, त्यांनी पत्रकाची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. या मासिकात ते पत्रक विनामूल्य, पूर्ण पानावर छापलं जाईल. फोटो कुणाचाही असो.