खेळ विकत घेतला, कर्ता नव्हे

संगणकावर खेळावयाच्या व्हिडिओ गेमविषयी दिवाळी अंकात लिहावयाचे म्हणजे काही वाचक नाक मुरडणार, हे मी धरूनच चालतो. त्यांनी खुशाल मुरडावे. मला ज्या वृत्तीशी भांडावयाचे आहे ती नुसत्या पोरासोरांची नाही. चांगली शिकलीसवरलेली, स्वतः नोकरीत आठ तासांवर नववा तास झाला की कपाळाला आठ्या घालणारी माणसे, चार पैसे मोजून एखादा खेळ घेतात आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याच्या कर्त्याच्या नावाने खडे फोडू लागतात. नवे काय दिलेस? पुढचा भाग कुठे आहे? झोपलास काय? या तगाद्याला ते ‘ग्राहकाचा हक्क’ म्हणतात. तो हक्क नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

उदाहरण ताजे आहे. ग्रेग स्तिचेन नावाच्या एका पोलिश माणसाने कित्येक वर्षे खपून ‘मॅनॉर लॉर्ड्स’ नावाचा खेळ रचला. अगदी एकट्याने नव्हे, संगीत वगैरे इतरांकडून करवून घेतले. पण आराखडा आणि रचनेचा मुख्य भार एकाच डोक्यावर. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या जर्मनीतल्या फ्रँकोनिया प्रांताचा नमुना समोर ठेवून त्याने एक मुलूख उभा केला. आपल्या हाती प्रथम पाच कुटुंबे, एक बैल आणि थोडी शिधासामग्री. त्यातून गाव वसवायचे. घरामागच्या परसात गाजरे लावायची की कोंबड्या पाळायच्या, कोणते शेत यंदा पडीक ठेवायचे, लाकूड ओढायला दुसरा बैल घ्यायचा की त्याच पैशात दुसरे काही, असले प्रश्न. लढाईही आहे, शेजारचा सरदार मुलखावर डोळा ठेवून असतो. पण लढायला जातात ती आपल्याच घरांतली माणसे. ती पडली की तेवढे हात शेतावरून कायमचे कमी होतात, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याची किंमत कळते. मी या गावात पुष्कळ हिवाळे काढले आहेत, त्यांतले दोन उपासमारीत. इतकी एकमेकांत गुंतलेली वीण मला मोठमोठ्या कंपन्यांच्या शेकडो माणसांनी केलेल्या खेळांतही क्वचितच आढळली.

२६ एप्रिल २०२४ रोजी हा खेळ विक्रीस आला. ‘अर्ली ॲक्सेस’ नावाची जी पद्धत आहे, म्हणजे काम अपुरे आहे असे आधीच सांगून विकायचे, त्या पद्धतीने. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती गेल्या, तीन आठवड्यांत वीस लाख. एका वेळी १ लाख ७० हजारांहून अधिक लोक तो खेळत होते. जुलैपर्यंत हा आकडा काही हजारांवर आला, आणि लगेच शोकसभा भरली. कॅनडातील ‘हिंटरलँड’ या संस्थेचे प्रमुख राफाएल व्हॅन लिरॉप यांनी जाहीरपणे लिहिले की, खेळात पुरेसा मजकूर नसला आणि नवा मजकूर देण्याचा वेग कमी पडला म्हणजे काय होते, त्याचा हा अभ्यासण्याजोगा नमुना आहे. त्यावर ‘हूडेड हॉर्स’ या प्रकाशनाचे टिम बेंडर उसळले. खेळ विकला गेला, लोकांना आवडला, आणि कर्त्याला आपण आधीच सांगून ठेवले आहे की घाई करू नकोस. अखंड वाढ नाही तर अपयश, ही दृष्टीच विकृत आहे, असे त्यांचे उत्तर होते.

बेंडर हे प्रकाशक आहेत. त्यांचा माल खपला आहे, तेव्हा त्यांनी उदार व्हावे यात मोठेपणा तो काय, असे कुणी म्हणेल. म्हणो. प्रकाशकाने लेखकाच्या पाठीशी उभे राहावे ही घटना इतकी दुर्मिळ आहे की तिच्या हेतूची चिकित्सा करीत बसण्यास मी तयार नाही. उलट, आक्षेप घेणाऱ्या लिरॉप यांचीच वही उघडून पाहावी. त्यांचा ‘द लाँग डार्क’ हा खेळ २०१४ मध्ये असाच अपुरा विक्रीस आला. त्यातील पाच प्रकरणांच्या कथेची पहिली दोन प्रकरणे २०१७ साली आली, तिसरे २०१९ साली, चौथे २०२१ साली. दुसऱ्याच्या वेगाचे माप घेण्यासाठी लिरॉप यांनी लेखणी उचलली तेव्हा, जुलै २०२४ मध्ये, त्यांचे पाचवे प्रकरण अद्याप यावयाचे होते. त्यांनी वेळ घेतला याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. खेळ चांगला आहे. पण स्वतःला लागणारा वेळ म्हणजे साधना आणि दुसऱ्याला लागणारा वेळ म्हणजे चूक, हा हिशेब कुठला?

खेळणारे कमी झाले म्हणजे खेळ मेला, ही भाषा तर मला असह्य होते. कादंबरी वाचून झाली की माणूस ती मिटून ठेवतो. आता कुणी वाचीत बसलेले नाही म्हणून कादंबरी मेली असे आपण म्हणत नाही. आपल्या बुद्धिबळाचेच पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची लांब धाव मिळाली. त्यानंतर पाचशे वर्षांत पटावर एकही नवे मोहरे आलेले नाही.

पण समजा, वाढ हवीच आहे. मग ती कशी होते हे तरी पाहावे. तगादा लावणाऱ्यांची समजूत अशी दिसते की खेळ वाढवणे म्हणजे चाळीला आणखी दोन खोल्या काढणे. डावपेचांच्या खेळात नवी गोष्ट जुन्या प्रत्येक गोष्टीला जाऊन चिकटते. याचा मासला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळात मिळतो. जमिनीखाली खुज्या लोकांचा किल्ला वसवून चालवावयाचा हा खेळ. टार्न ॲडम्स या अमेरिकन गणितज्ञाने आपला भाऊ झॅक याच्या साह्याने तो रचला; आराखडा आणि कथा दोघांच्या, कोड मात्र वर्षानुवर्षे एकट्या टार्नने लिहिला. डिसेंबर २०१५ च्या आवृत्तीत त्याने किल्ल्यात दारूचे गुत्ते आणले. लोकांनी कळवले की गुत्त्यात मांजरे मरून पडताहेत, ओकाऱ्यांत माखलेली. दारू तर त्यांना कुणी पाजत नव्हते. शोध घेता उलगडा झाला तो असा: पिणाऱ्यांच्या हातून दारू जमिनीवर सांडे. मांजरे त्यातून चालत जात, त्यांच्या पायांना ती लागे. मांजर अंग चाटून स्वच्छ करते, ही गोष्ट त्याने पूर्वीच खेळात घालून ठेवली होती. आणि पायाला लागलेला तो थेंब पोटात जाताना हिशेबात मात्र अख्खा पेला धरला जाई. मांजराचे शरीर लहान, ते झिंगून मरे. तीन निरनिराळ्या वेळी केलेल्या, एकेकट्या निर्दोष गोष्टी, आणि चौथी गोष्ट येताच हा प्रकार! आता अशा माणसाला ‘दर महिन्याला काहीतरी दे’ म्हणणे म्हणजे काय मागणे आहे? त्याने मांजरांकडे पाहू नये, इतकेच.

मग ‘दहा माणसे ठेव की’ हा सल्ला येतो. पैसा मिळाला आहे, नाही का! आय.बी.एम.च्या एका प्रचंड प्रकल्पाचा भार वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की, उशीर झालेल्या संगणकाच्या कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्याचा दिवस जातो. जिथे जुना माणूस एकच आहे आणि अर्धा आराखडा त्याच्या डोक्यातच आहे, तिथे काय होईल?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. अपुरी वस्तू विकून पैसे घेतले ना? मग पुरी कर. असे पैसे घेऊन गडप झालेले कर्तेही आहेत, आणि त्यांची बाजू घेण्याचे मला कारण नाही. ज्याने शब्द दिला त्याला शब्दाबद्दल जरूर धरावे. परंतु ‘स्टीम’ या ज्या बाजारात हे खेळ विकले जातात तिथे खरेदीच्या बटणाशेजारीच लिहिलेले असते की, खेळ आज जसा आहे तसा पसंत नसेल तर थांबा. पुढे तो बदलेल किंवा बदलणारही नाही. विकत घेऊन चौदा दिवस आणि खेळून दोन तास होण्याच्या आत पैसे परत मागता येतात. एवढे वाचून, एवढी सवड असून ज्याने खेळ ठेवून घेतला, त्याने तो आहे तसा पत्करला. त्यापुढे जे येईल ते यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटते. पण वाटणे निराळे आणि येणे असणे निराळे.

या तगाद्याखाली एक देह असतो, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून फुकट होता; दोघे भाऊ लोकांच्या देणग्यांवर राहत. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला, पण त्या मानाने कुणाचे औषधपाणी होत नाही. पुढे झॅकला त्वचेचा कर्करोग झाला. अमेरिकेतील उपचारांचे आकडे पाहून, उद्या ही पाळी आपल्यावर आली तर काय, या विचाराने टार्न हबकला, आणि २०१९ साली त्यांनी खेळाची सजवलेली आवृत्ती किंमत लावून विकण्याचे जाहीर केले. एकट्या कर्त्याला ऋषी ठरवून ओवाळणारे जे भक्त आहेत, त्यांच्यावर माझा राग तगादेवाल्यांहून फारसा कमी नाही. ऋषीला बिल येत नाही, अशी त्यांची सोयीस्कर समजूत असते.

ती विक्रीची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि पहिल्या महिन्यात जवळजवळ पाच लाख प्रती खपल्या. सहकारी प्रोग्रॅमरही सोबतीला आला. पूर्वी जून २०१२ ते जुलै २०१४ अशी दोन वर्षे एकही आवृत्ती न काढता टार्न काम करीत बसला होता. त्या दोन वर्षांतून एकेका चौकोनाच्या जागी फांद्या फुटलेली झाडे आली आणि किल्ल्याबाहेरचे जग आपल्या चालीने हलू लागले. आता पैसा होता, हातही वाढले होते. तरी त्याच खेळातला एकट्याने भटकंती करण्याचा जुना प्रकार नव्या आवृत्तीत पुरा बसावयास जानेवारी २०२५ उजाडला. तिकडे स्तिचेननेही दरम्यान नवे नकाशे दिले, मासेमारीची तळी दिली, चुका दुरुस्त केल्या. तळी आल्याचे कळले तेव्हा मी जुने गाव मोडून नव्या नकाशावर पाच कुटुंबे आणि एक बैल घेऊन पुन्हा उतरलो. पहिला हिवाळा बरा गेला.