मृत्यूंचीही खतावणी हवी

बोटीवरची नोकरी हा गोव्यातील असंख्य घरांचा पिढ्यान् पिढ्यांचा आधार. त्या पैशावर घरे उभी राहिली, मुले शिकली. पण बोटीवर माणूस दगावला की घरी बातमी येते ती एका ओळीची: 'अपघाती मृत्यू'. तो टाळता आला असता का, हे कुटुंबाला अनेकदा कळतच नाही.

बंद जागेतील मृत्यूंचेच उदाहरण घ्या. मुरगाव बंदरात कोळशाची जहाजे येतात. बंद होल्डमधील कोळसा हवेतला प्राणवायू ओढून घेतो. लाकूड आणि गंजणारे लोखंडही तेच करते. एरवी हवेत सुमारे २१ टक्के असलेला प्राणवायू इतका घटतो की, आत उतरलेला खलाशी काही श्वासांतच कोसळतो. ना वास, ना धूर. त्याला वाचवायला सहकारी धावतो आणि तोही जातो.

नियम नाहीत असे नव्हे. अशा जागेत शिरण्याची व सुटकेची कवायत दर दोन महिन्यांनी घेण्याचे बंधन १ जानेवारी २०१५ पासून आहे. हवा तपासण्याचे उपकरण १ जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे. तरीही माणसे मरतात. कारण बंदरातली घाई आणि तुटपुंजे मनुष्यबळ यांपुढे कवायत पुष्कळदा वहीतच उरकली जाते.

बँकेतल्या कारकुनालाही ठाऊक असते की, जे खतावणीत चढत नाही त्याचे ऑडिट होत नाही. सागरी कामगार करार २००६ चा; भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. जहाजावरील प्रत्येक मृत्यूची चौकशी व नोंद करून तो दरवर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला कळवायचा, असे ती सांगते. पाऊल योग्यच आहे. पण ही जबाबदारी जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाची. आपला मुलगा मडगावचा, मालक युरोपातला आणि झेंडा पनामाचा! मग त्याच्या आईने दाद मागायची कोणाकडे?

भरती मात्र इथेच होते, आणि भरती एजन्सींना परवाना देते ते आपलेच नौवहन महासंचालनालय. १९५८ च्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला आहे. त्याखालील नियमांत दोन गोष्टी याव्यात. भारतीय खलाशांच्या मृत्यूंची, कारण व भरती एजन्सी यांसह, वार्षिक यादी जाहीर व्हावी. आणि चौकशी अहवालाची प्रत वारसांना हक्काने मिळावी. यासाठी सरकारी तिजोरीवर फारसा भार पडणार नाही. लागेल ती इच्छाशक्ती.

गोव्याच्या खासदारांकडे ही मागणी आपल्या संस्थेने लेखी पाठवावी. आणि ज्यांची मुले बोटीवर निघाली आहेत, त्यांनी करारावर सही होण्यापूर्वी एजन्सीचा परवाना क्रमांक तपासून घ्यावा. नुकसानभरपाईचा चेक वटतो. गेलेला माणूस परत येत नाही.