श्रमिकाचा स्वाभिमान कुणाच्या पदरात?

अमेरिकेच्या ग्रामीण मातीतून आलेल्या ‘कंट्री’ संगीताचे ज्येष्ठ गायक विली नेल्सन यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी, ‘वर्किन मॅन’ ही नवी ध्वनिमुद्रिका रसिकांपुढे ठेवली. तीत दिवंगत मित्र मर्ल हॅगर्ड यांची अकरा गाणी आहेत. ही केवळ मित्राला वाहिलेली श्रद्धांजली नव्हे; पुरोगाम्यांना अंतर्मुख करणारा एक प्रश्न तीत दडलेला आहे.

हॅगर्ड हे ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात आलेल्या विस्थापितांचे पुत्र. मालगाडीच्या जुन्या डब्यात या कुटुंबाने संसार थाटला होता. तारुण्यात त्यांना सान क्वेंटिनचा तुरुंगवास घडला. अशा माणसाचे १९६९ मधील ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ हे गाणे युद्धविरोधी तरुणांची टवाळी म्हणून गाजले आणि उजव्यांनी ते डोक्यावर घेतले. परंतु ऐन नाताळच्या तोंडावर कारखान्यातून कमी केलेल्या बापाची व्यथा मांडणारे १९७३ चे गाणेही त्यांचेच! कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १९८५ मध्ये ‘फार्म एड’ उभारण्यात पुढाकार घेणारे नेल्सन ही दोन्ही गाणी गातात.

श्रमिकाच्या भाकरीसाठी लढणाऱ्यांनीच त्याच्या स्वाभिमानाची हेटाळणी केली, तर तो स्वाभिमान प्रतिगाम्यांच्या पदरात अलगद जाऊन पडतो. श्रमिकाचा राग आपल्याविरुद्ध असला, तरी त्यामागचे दुःख आपलेच मानावे लागते. चळवळीला हे उमगेल, तेव्हाच तिचे गाणे त्याच्या ओठी येईल.